वरच्या मजल्यावरचं काम

आमच्या गल्लीत त्यांना सगळे टेलरबाई म्हणायचे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं शिवणयंत्र होतं. माझे शाळेचे गणवेश, माझ्या बहिणीचे फ्रॉक, वडिलांच्या पँटी, सगळं त्यांच्याच हातचं. माप घेताना त्या आकडे कागदावर लिहीत नसत. टेप फिरवून झाली की मान जरा तिरकी करून एकदा आपल्याकडे बघायच्या, आणि ते माप वर्षभर त्यांच्या डोक्यात राहायचं. पोरी पोट आत ओढून उभ्या राहिल्या की म्हणायच्या, "सोड गं श्वास. श्वास धरून कपडा शिवला तर जेवायचं कसं?"

त्यांचा नवरा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा लेक नववीत होती. लेकीचं खरं नाव शाळेपुरतं, घरात ती ठकी. त्यानंतर घर चाललं ते यंत्रावरच. मग गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली. आधी शाळेनं गणवेश तयारच घ्यायला लावले, मग पोरींचे फ्रॉक दुकानातून यायला लागले. शेवटी उरलं काय, तर चेन बदलणं, उसवलेलं शिवणं आणि पँटचे पाय आखूड करणं. "मी आता टेलर नाही राहिले," त्या हसत म्हणायच्या, "कपड्यांची नर्स झालेय." मग ती मलमपट्टीही थांबली.

चौकात कपड्यांचं तीनमजली मोठं दुकान आहे. तिथं सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लहान खोली होती. गिऱ्हाइकानं घेतलेला कपडा सैल-घट्ट करून द्यायची ती खोली. दोन यंत्रं, एक इस्त्री, एक मास्तर. टेलरबाईंनी हे सगळं ऐकून ठेवलं होतं. एके सकाळी ठेवणीतले कपडे घालून, स्वतः शिवलेला एक कोट नमुना म्हणून पिशवीत घेऊन त्या तिथं गेल्या. छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण साहेब होता. त्यानं कोट उलटून-पालटून पाहिला. काम चांगलं आहे म्हणाला.

"पण वर आमचे मास्तर आहेत, मावशी. मधल्या मजल्यावर ट्रायल रूमला बाई हवी आहे. ते करता का बघा. पुढेमागे वर जागा झाली तर विचार करू."

त्या हो म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

घरी आल्या तर ठकी दारातच उभी. तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

"मिळालं?"

"मिळालं."

"शिवणाचंच ना?"

पुढं कधीतरी त्यांनी मला सांगितलं, "अगं, पोरीचा चेहरा इतका फुललेला होता, माझ्या तोंडून 'हो' कधी निघून गेलं ते मलाच कळलं नाही. वर आणखी मीच म्हणाले, वरच्या मजल्यावर, पंख्याखाली. तिनं मिठीच मारली. मग एकदा दिलेलं 'हो' परत मागायचं कुठल्या तोंडानं?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मधल्या मजल्यावर उभ्या राहायला लागल्या.

उभ्याच. तिथं खुर्ची नव्हती. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याकडे लक्ष नाही, असं साहेबांचं म्हणणं. एका बोळात समोरासमोर तीन-तीन खोल्या, टोकाला मोठा आरसा, आणि बोळाच्या तोंडाशी टेलरबाई. एका वेळी चारच कपडे आत न्यायचे. त्यांनी मोजायचे, तेवढ्या आकड्याचं टोकन द्यायचं, बाहेर आल्यावर परत मोजून घ्यायचे. आत उलटेपालटे करून टाकलेले कपडे सुलटे करायचे, गुंड्या लावायच्या, हँगरला अडकवायचे. दिवसाला तीनशे-चारशे कपडे हातातून जायचे, आणि त्यातला एकही त्यांनी शिवलेला नसायचा.

कामाचं त्यांना काही वाटत नव्हतं. माणसांचं वाटायचं. त्यांना कुणी हाक मारत नसे, चुटकी वाजवत. दाराआडून "ए, ऐकू येतं का?" असा आवाज यायचा. नको असलेला कपडा दारावरून बाहेर भिरकावला जायचा, तो कधी जमिनीवर पडायचा, कधी यांच्या डोक्यावर. एकीनं आत जाताना कॉफीचा गरम पेला यांच्या हातात दिला. पाऊण तासानं बाहेर आली आणि म्हणाली, "थंड केलीस ना?" एका बाईनं नुसता पाय पुढं केला, बुटाचा बंद सोडायला. टेलरबाईंनी सोडला. "वाकल्यावर मग कळलं मी काय करतेय," त्या म्हणाल्या. "पण वाकून झालं होतं."

सगळ्यात जास्त ओरडा मापावरून व्हायचा. माणसाला दोन मापं असतात, एक अंगाचं आणि एक मनाचं, आणि सगळी भांडणं त्या दुसऱ्या मापावरून होतात, असं त्यांचं मत झालं होतं. गिऱ्हाईक बोळात शिरतानाच त्यांना कळायचं, हा कपडा हिला दंडात बसणार नाही. पण बोलायचं नाही असा नियम. एकदाच त्या चुकल्या. आत झटापट चालली होती, शिवण कुरकुरत होती, ती त्यांना बाहेर ऐकू येत होती. राहवलं नाही. "मॅडम, एक नंबर मोठा आणून देऊ का?" त्यांनी विचारलं.

दार धाडकन उघडलं. "म्हणजे मी जाडी आहे असं म्हणायचंय तुला?"

मजला गोळा झाला. साहेब धावत आले. त्या गिऱ्हाईक बाईचा आवाज टिपेला पोचला होता आणि अंगातल्या ड्रेसची चेन अर्ध्यावर फाटली होती, ती म्हणे यांनीच ओढली. साहेबांनी टेलरबाईंकडून लेखी माफी घेतली. "चाळीस वर्षं मापं घेतली," त्या मला म्हणाल्या, "आणि माप बरोबर सांगितलं म्हणून माफी लिहून दिली."

घरी यायच्या आधी त्या दुकानाच्या नळावर तोंड धुवायच्या. मग घरी जेवताना ठकीला वरच्या मजल्यावरच्या गोष्टी सांगायच्या. आज एका म्हाताऱ्या बाईंचा कोट खांद्यात उतरवून दिला, त्यांनी माझा हात हातात घेतला. आज एका नवऱ्या मुलीचा घागरा तासाभरात नीट केला, तिची आई रडलीच. त्या गोष्टींतली गिऱ्हाइकं फार चांगली असायची, कधी आभार मानायला विसरायची नाहीत. पाय सुजलेले दिसले की त्या म्हणायच्या, यंत्र पायाचं आहे ना, म्हणून.

ठकी कॉलेज संपवून एका ऑफिसात लागली. तिथं तिला मैत्रिणी मिळाल्या, डबे एकत्र, सुट्टीत एकत्र. आईच्या दुकानात जावं असं तिनं दोन-तीनदा काढलं, तेव्हा टेलरबाईंनी सांगून टाकलं, वर बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत.

पण मधल्या मजल्यावर तर कुणालाही सोडतात.

तो शनिवार होता, दुपारची वेळ, आणि दुकानात सेल लागलेला. बोळाबाहेर रांग होती. टेलरबाई मान खाली घालून कपडे मोजत होत्या. तीन पोरींचा हसण्याचा आवाज आला, त्यातला एक त्यांनी लगेच ओळखला. मान वर केली तर समोर ठकी. एका बाजूला एक उंच मुलगी, हातात कपड्यांचा ढीग. दुसऱ्या बाजूला एक बुटकी, फोनमध्ये डोळे घातलेली.

ठकीनं आईला पाहिलं. तिचे ओठ उघडले. "आ..." एवढंच बाहेर आलं.

"किती कपडे आहेत, मॅडम?" टेलरबाईंनी विचारलं. लेकीच्या डोळ्यांत बघून विचारलं.

ठकी हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, चला ना पुढं. मग ती म्हणाली, "एक."

त्यांनी एक आकड्याचं टोकन तिच्या तळहातावर ठेवलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. उंच मुलीकडे सात कपडे होते.

"मॅडम, एका वेळी चारच."

"का? तुमची फडकी कोण चोरणार आहे?"

"नियम आहे, मॅडम. बाकीचे इथं ठेवते, नंतर देते."

"काय रुबाब आहे बघा! दारात उभं राहायचं काम, आणि नियम शिकवते." ती बुटकीकडे वळली. "चारच्या पुढं मोजता येत नसेल हिला."

बुटकी फोनमधून मान न काढता हसली. ठकी खोलीच्या दाराशी कपडा मुठीत घट्ट धरून उभी होती. टेलरबाईंनी चार कपडे मोजून दिले आणि तीन खुंटीला लावले. मग ठकी आत गेली, कडी लागली.

थोड्या वेळानं उंच मुलीच्या दारावरून "हे घे!" म्हणत एक कोट आला, हँगरसकट. हँगरचा आकडा टेलरबाईंच्या भुवईला लागला. त्यांनी हात लावला तर बोट लाल झालं. त्याच वेळी ठकी नवा ड्रेस घालून बाहेर आली होती. तिनं पाहिलं. उंच मुलगीही दार किलकिलं करून बघत होती.

"लागलं का?" ती म्हणाली. "बघून उभं राहायचं ना, मावशी."

ठकी काही बोलली नाही.

टेलरबाई मला म्हणाल्या, त्या वेळी त्यांना भुवईचं काही वाटत नव्हतं. त्या ठकीच्या अंगावरच्या ड्रेसकडे बघत होत्या. उजवा खांदा अर्धा इंच खाली उतरत होता. त्यांचा हात आपोआप वर गेला, तो खांदा सारखा करायला. अर्ध्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी तो हात खाली घेऊन पडलेला कोट उचलला.

ठकीनं ड्रेस घेतला नाही. टोकन आईच्या हातात ठेवून ती निघाली.

त्या दिवशी टेलरबाई नेहमीच्या रस्त्यानं घरी आल्या नाहीत. बाजाराला मोठा वळसा घालून आल्या, उगाच भाजीच्या गाड्यांपाशी रेंगाळल्या. आल्या तेव्हा अंधार पडला होता आणि ठकी दिवा न लावता बसली होती.

"किती वर्षं झाली?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"आई."

"तीन होतील."

"आणि त्या म्हाताऱ्या बाई? त्यांचा कोट? तुझा हात हातात घेतलेला?"

"नव्हतं तसं काही."

"ती नवरी मुलगी?"

"ठके, पुरे."

"मी हाक मारणार होते तुला! तोंडात आली होती हाक. आणि तू मला मॅडम म्हणालीस. स्वतःच्या पोटच्या मुलीला!"

"तुझ्या मैत्रिणी होत्या."

"मी सांगितलं होतं का तुला, त्यांच्यासमोर माझी लाज राख म्हणून?"

"तुझी नाही गं राखली," टेलरबाई म्हणाल्या. "माझी राखली."

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या नंतर म्हणायच्या. पण दिवसभर उभं राहून माणूस थकलेलं असतं, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडावर झाकण राहत नाही.

"ती मुलगी तसं बोलली तेव्हा..." त्या म्हणून गेल्या.

ठकीनं मान वर केली. "तेव्हा काय?"

"काही नाही."

"मी गप्प बसले, हेच ना? मला वाटलं तुला नकोय मी बोललेलं. तूच तर ओळख दाखवली नाहीस."

"हो. नकोच होतं मला."

"मग?"

"मग काही नाही."

दोघीही खरं बोलत होत्या आणि त्या खऱ्याचा दोघींनाही काही उपयोग नव्हता.

ठकीनं शेवटी सांगितलं, उद्यापासून जायचं नाही, मी आहे ना. टेलरबाई म्हणाल्या, तू आहेस, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी कुठं असू? मग ठकी म्हणाली, सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या सांगते त्या बयेला, ती माझी आई होती. टेलरबाईंनी तिला तसं करू नकोस म्हणून विनवलं.

सोमवारी ठकीनं सांगितलं नाही. हे मला ठकीनंच सांगितलं, जिन्यात, एकदा. "जेवायला ती माझ्याच शेजारी बसली. भाजी अळणी आहे म्हणाली. आणि मी तिला माझ्या डब्यातलं मीठ दिलं. हे आईला सांगितलं नाही मी." मंगळवारी सांगायला आणखी अवघड, बुधवारी त्याहून अवघड. महिन्याभरानं तर त्याला काही अर्थच उरला नाही.

भुवईची जखम आठ दिवसांत भरली. घरातलं बोलणं मात्र आटत गेलं. आता वरच्या मजल्यावरच्या गोष्टी नव्हत्या, आणि मधल्या मजल्यावरच्या सांगायच्या कशा हे कळत नव्हतं. खोटं होतं तोवर जेवताना बोलणं तरी व्हायचं. आता ताटावर चमच्याचा आवाज तेवढा व्हायचा.

त्याच वर्षी दुकानातले मास्तर काम सोडून मुलाकडे राहायला गेले. टेलरबाईंना कळलं तशा त्या साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. "या उद्या, एक काम करून दाखवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा वरच्या मजल्यावर गेल्या. खोली त्यांनी ठकीला सांगितली होती तशी अजिबात नव्हती. खिडकी नव्हती, पंखाही नव्हता. साहेबांनी काळा कोट दिला, काळ्या अस्तराचा, बाही आखूड करायला. असलं काम त्यांनी कितीतरी वेळा केलं होतं. त्यांनी अस्तर उसवलं, खूण केली, सुई घेतली. दोरा ओवता ओवता पाच-सात मिनिटं गेली. मग टाके घालायला लागल्या आणि त्यांना काळ्यावर काळा दोरा दिसेना. बोटांनी चाचपत त्या शिवत राहिल्या. पुरं झाल्यावर कोट उजेडाला धरला तर ओळ नागमोडी गेली होती. साहेब यायच्या आत त्यांनी स्वतःच सगळं उसवलं आणि तो आल्यावर दोरा दिसत नाही म्हणून सांगितलं.

"चष्मा करून घ्या," साहेब म्हणाला. "आठ दिवस थांबतो मी."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून, अंधारात बसवून, बराच वेळ तपासलं. चष्म्यानं भागण्यातलं नाही म्हणाले. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हे मागच्या पडद्याचं आहे. आहे तेवढं जपा. कपडे मोजायला, सुलटे करायला, गुंड्या लावायला तेवढं पुरेल का, असं टेलरबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही वर्षं पुरेल.

दुकानानं नवा मास्तर ठेवला. टेलरबाई पुन्हा बोळाच्या तोंडाशी.

नवा मास्तर आला त्या रात्री जेवताना त्यांनी ठकीला सांगितलं, "वर जाऊन आले मी. जमलं नाही." ठकीनं ताट बाजूला सारलं आणि आईजवळ येऊन बसली. टेलरबाईंना वाटलं, आता सगळं सरळ होईल. पण दोनच आठवड्यांनी ठकीनं दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली मागितल्याचं सांगितलं, तेही पाठमोरी उभी राहून, भांडी विसळताना. तिथं काम चांगलं आहे म्हणाली. टेलरबाईंनी ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. वर्षातून दोनदा येते. आली की घर झाडूनपुसून लख्ख करते, आईचे पाय चेपते, चौकाकडे फिरकत नाही. रविवारी न चुकता फोन करते. दुकानाबद्दल मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी टेलरबाईंकडे बसले होते तेव्हा तो फोन आला. त्यांना बटण नीट दिसत नाही म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवरच असतो, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. हवापाणी झालं, जेवणखाण झालं. मग ठकी म्हणाली, "या आठवड्यात कुणी काही बोललं का?"

टेलरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"एक बाई होती बुधवारी," त्या म्हणाल्या. "मी टोकन द्यायला हात पुढं केला तर म्हणाली, खाली ठेव, तुझा हात लावू नकोस."



"मग?" ठकीनं विचारलं.

"मग काय. ठेवलं खाली. तिनं वाकून उचललं."

"आणखी?"

"शुक्रवारी एक होती," टेलरबाई म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. एकेक सांगत गेल्या, काही न वगळता, कपडे मोजावेत तशा सपाट आवाजात. ठकीनं त्यांना थांबवलं नाही. मी चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.